तुम्ही विचारलंत म्हणून: चार जीबीच्या लॅपटॉपवर इलेक्ट्रॉन कसं चालवता?

सोलापूरच्या नवी पेठेत चहाला भेटलेली कॉलेजची पोरं हमखास विचारतात, "काय ओ दादा, चार जीबी रॅमवर इलेक्ट्रॉन? खोटं बोलू नका की बे." खोटं नाही ओ. इलेक्ट्रॉन म्हणजे वेबसाइटच्या कोडमधून डेस्कटॉप ॲप बनवायचं साधन. लॅपटॉपवर फक्त ब्राउझर चालतो, बाकी सगळं गिटहबच्या कोडस्पेसमध्ये, म्हणजे क्लाउडवरच्या लिनक्स मशीनवर.

चादरीच्या एका व्यापाऱ्यासाठी गोडाऊनच्या स्टॉकचं ॲप बनवत होतो. इलेक्ट्रॉनच्या पोटात अख्खं क्रोमियम (क्रोम ज्यावर बनतो तो ब्राउझर) आणि नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम), नुसती चालणारी फाइलच शंभर एमबीच्या वर, त्यात एडिटर उघडला की माझा लॅपटॉप एप्रिलमधल्या सोलापूरसारखा तापायचा. म्हणून क्लाउडवर गेलो. वेबसाइट असती तर पाच मिनिटांचं काम होतं, पोर्ट (मशीनचं नेटवर्कचं दार) फॉरवर्ड झाला की आपल्या ब्राउझरमध्ये पेज दिसतं. पण डेस्कटॉप ॲपला खिडकी लागते, आणि तिकडच्या लिनक्स कंटेनरला (कोड चालतो ती बंदिस्त जागा) स्क्रीनच नाही, मग खिडकी उघडणार कुठं? पहिल्यांदा स्टार्ट केलं तर डिस्प्ले सापडत नाही म्हणून ॲप जागेवरच आडवं.

उपाय डेव्हकंटेनर डॉट जेसनमध्ये आहे, म्हणजे कंटेनर कसा उभा करायचा ते सांगणाऱ्या सेटिंगच्या फाइलमध्ये. फीचर्समध्ये डेस्कटॉप-लाइट टाका, तो फ्लक्सबॉक्सचा छोटा डेस्कटॉप चढवतो, मग 6080 पोर्ट ब्राउझरमध्ये उघडायचा, पासवर्ड बदलला नसेल तर तो vscode हाच असतो, आणि तिथं तुमची खिडकी दिसते. शेअर्ड मेमरी (प्रोग्रामचे भाग वाटून वापरतात ती) एक जीबी द्या, नाहीतर क्रोमियम मधेच कोसळतं. लिबएनएसएस, जीटीके, जीबीएम वगैरे लायब्ररी कमी पडल्या तर एररमध्ये नाव येतं, ते बघून इन्स्टॉल करत जायचं, आणि शेवटी सगळी यादी डॉकरफाइलमध्ये (कंटेनर बनवायची कृती), म्हणजे पुढच्या वेळी डोकं खाजवायला नको. सँडबॉक्सवर (क्रोमियमचं सुरक्षेचं कुंपण) अडलं तर नो-सँडबॉक्स लावून चालवा, पण फक्त तिथं, गिऱ्हाईकाला देताना नाही.

माझा अख्खा एक दिवस मात्र वेगळ्याच गोष्टीनं खाल्ला. मेनू सगळा मराठीत, आणि स्क्रीनवर नुसते चौकोन. एन्कोडिंग तपासलं, फाइल परत सेव्ह केली, डेटाबेसला शिव्या दिल्या. कंटेनरमध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता ओ! फॉन्ट्स-नोटो टाकल्यावर लगेच अक्षरं आली.

पैशाचं सांगतो. फ्री प्लॅनच्या पर्सनल अकाउंटला महिन्याला 120 कोअर-तास फुकट, म्हणजे दोन कोअरच्या मशीनवर 60 तास. मी हौसेनं चार कोअर घेतले, वर टाइमआउट (किती वेळ काम नसलं की मशीन आपोआप बंद व्हावी) 30 मिनिटांचा 240 करून ठेवला, टॅब बंद केला की मशीन बंद असं समजून गड्ड्याच्या जत्रेला जाऊन आलो. मशीन चालूच, एका विसरण्याला चार तास गुणिले चार कोअर, सोळा कोअर-तास, आणि असं मी चार-पाचदा केलंय! चूक माझीच. आता उठताना हातानं स्टॉप करतो.

विंडोजची इएक्सई मी तिथं बनवत नाही, लिनक्सवर वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं साधन) वगैरे भानगडी लागतात, त्यापेक्षा गिटहब ॲक्शन्सच्या विंडोज रनरवर (आपोआप बिल्ड करून देणारी गिटहबची विंडोज मशीन) बिल्ड करायची.

आणि तेवढ्यावर झालं असं समजू नका. व्यापाऱ्याच्या गोडाऊनमधला लेबल प्रिंटर क्लाउडला दिसत नाही, म्हणून दर शनिवारी पेनड्राइव्हवर सेटअप घेऊन मी एमआयडीसीत जातो, त्यांच्या जुन्या पीसीवर टाकतो, दहा लेबलं काढून बघतो. मागच्या वेळी लेबल उलटं छापत होतं.