गाठ बसायला वेळ लागतो तेव्हा

धाकट्या बहिणीच्या मानेतील गाठी क्षयाच्या असल्याचे सुईच्या तपासणीत निष्पन्न झाले, तेव्हा सहा महिने गोळ्या नियमित घेतल्या की आजार बरा होतो, असे सर्वांनी सांगितले. ते खरेच होते. मात्र त्या सहा महिन्यांत गाठ कशी वागेल, याची कल्पना कोणी दिली नव्हती. संध्याकाळचा ताप गेला, भूक परतली, वजन वाढू लागले आणि नेमकी त्याच सुमारास कानाखालची जुनी गाठ फुगली, शेजारी आणखी एक हाताला लागू लागली. घरी येणारा प्रत्येक जण आधी तिची मान चाचपून पाही आणि मग औषध बदलण्याचा सल्ला देई.

डॉक्टरांनी मात्र औषध बदलले नाही. जंतू मरू लागले की त्यांच्या अवशेषांवर शरीराची सावरलेली प्रतिकारशक्ती तुटून पडते आणि त्या दाहामुळे उपचार लागू पडत असतानाही गाठ वाढू शकते. लसिकाग्रंथींच्या, म्हणजे मान-काखेत असणाऱ्या अशा गाठींच्या, क्षयात हे बऱ्याच रुग्णांत दिसते, असे त्यांनी समजावले. अर्थात, प्रत्येक वाढलेली गाठ याच कारणाने वाढली असे गृहीत धरणेही धोक्याचेच. म्हणून त्यांनी आधी गोळ्या चुकतात का, घेतल्यावर उलटी होते का, हे खोदून विचारले, मधुमेह आणि एचआयव्हीच्या तपासण्यांचे अहवाल पुन्हा पाहिले आणि वजन केले. सरकारी उपचारात गोळ्यांची संख्या वजनावर ठरते: ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ किलोला चार. वजनाची नोंद कार्डावर वेळोवेळी व्हावी, असा आग्रह आपणही धरावा.

गाठ मऊ पडून आत पू झाला होता. तो चीर न देता जाड सुईने ओढून घेतला, कारण चिरलेली जागा महिनोन्‌महिने वाहत राहू शकते. पिवळसर, घट्ट असा तो पू सीबीनॅटसाठी, म्हणजे जंतूंचे जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीसाठी, आणि कल्चरसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्यासाठी, पाठवला. सीबीनॅट काही तासांत रिफाम्पिसिन या क्षयावरील प्रमुख औषधाला दाद न देणारे जंतू ओळखते, परंतु मेलेल्या जंतूंचाही अंश त्यात सापडतो. त्यामुळे उपचार चालू असताना तो अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे औषध फसले, असे होत नाही. जिवंत जंतू आहेत की नाहीत, हे कल्चरच सांगते आणि त्याला सहा-सहा आठवडेही लागतात. ही प्रतीक्षा सर्वांत कठीण गेली. याच काळात नातेवाईक लेप सुचवतात आणि कोणी स्टेरॉइडच्या गोळ्यांचे नाव घेते. स्टेरॉइड काही रुग्णांना खरोखर दिले जाते, पण औषधाला न जुमानणारा क्षय नाही याची खात्री करून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

कल्चरमध्ये काही वाढले नाही. सहा महिन्यांनंतर वाटाण्याएवढी कडक गाठ उरली असतानाही डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या. ‘गाठ आहे तोवर औषध हवेच’ ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. परंतु उरलेली गाठ अनेकदा बऱ्या झालेल्या आजाराची निव्वळ खूण असते आणि तिच्यासाठी गोळ्या लांबवल्या तर यकृतावरचा भार तेवढा वाढतो. आता ठरलेल्या तारखांना सोनोग्राफी होते. मध्येच ताप आला, वजन घटले किंवा गाठ पुन्हा वाढू लागली, तर तारखेची वाट न पाहता दाखवायला यावे, असे तिला सांगितले आहे.