लाल सिलिंडरपासून पंपघरापर्यंत : आमची वाटचाल

सांगलीत आमचं काम सुरू झालं ते आग विझवायच्या सिलिंडरच्या रिफिलिंगपासून. गणपती पेठेतली दुकानं, मार्केट यार्डातली हळदीची गोदामं, कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतले छोटे कारखाने, सगळीकडून मुदत संपलेले सिलिंडर यायचे आणि भरून परत जायचे. आज कामाचा मोठा भाग तपासणीचा आहे : हायड्रंट (आगीसाठीचे पाण्याचे नळ), पंप, अलार्म आणि सहामाही दाखला. हा बदल कसा होत गेला आणि आमच्या बिलावरच्या एकेका ओळीमागे नेमकं काय काम असतं, ते इथे सांगतो.

एबीसी पावडरचा, म्हणजे लाकूड-कापड, तेल आणि वायू अशा तिन्ही आगींवर चालणारा सिलिंडर दिसायला सोपा. आत मोनो अमोनियम फॉस्फेटची बारीक पावडर आणि तिला ढकलायला साधारण 15 बार दाबाचा नायट्रोजन. पण भरणाऱ्याने नायट्रोजनऐवजी साध्या कॉम्प्रेसरची हवा भरली की हवेतला ओलावा आत जातो आणि पावडरीचे गठ्ठे होतात. गेजचा काटा तरीही हिरव्या पट्ट्यातच उभा असतो. ऐन वेळी दांडी दाबली की फुस्स करून हवा निघून जाते आणि पावडर तळाशी बसून राहते. काटा दाब सांगतो, पावडरीची अवस्था सांगत नाही. म्हणून कोरडा नायट्रोजनच वापरायचा, पावसाळ्यात पावडरीची पिशवी उघडी ठेवायची नाही आणि ग्राहकाने दर तीन महिन्यांनी सिलिंडर उलटासुलटा करून आतली पावडर मोकळी करायची.

पावडरींची मिसळ हे दुसरं दुखणं. जुन्या सिलिंडरात बीसी पावडर, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट असू शकते. ती अल्कधर्मी, एबीसी पावडर आम्लधर्मी. दोन्ही एकत्र आल्या आणि थोडा ओलावा मिळाला की आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो, दाब वाढतो, पावडर दगडासारखी होते. त्यामुळे आधीची पावडर पूर्ण काढून, सिलिंडर आतून कोरडा पुसूनच नवी भरावी लागते. उरलेल्या पावडरीवर ‘टॉप अप’ करून देणाऱ्याकडे सिलिंडर देऊच नका. गळ्याच्या आट्यांत पावडरीचे कण राहिले तर ओ-रिंग (रबरी कडं) नीट बसत नाही आणि दाब महिन्याभरात हळूहळू उतरतो. साबणाच्या पाण्याने गळती पाहायची, एक दिवस ठेवून काटा पुन्हा पाहायचा, मगच पिनला सील लावायचं.

सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला गेज नसतं, त्याचं वजन करायचं. गळ्यावर रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं असतं. भरलेल्या वायूपैकी दहा टक्क्यांहून जास्त कमी झाला असेल तर पुन्हा भरावा लागतो. आयएस 2190 या भारतीय मानकाप्रमाणे पावडरच्या सिलिंडरची हायड्रॉलिक (पाण्याच्या दाबाची) चाचणी दर तीन वर्षांनी आणि सीओटूची दर पाच वर्षांनी होते. पावडरचा सिलिंडर दहा वर्षांनी, सीओटूचा पंधरा वर्षांनी बाद. फक्त स्टिकर बदलून ‘रिफिल झालं’ म्हणणारे बाजारात आहेत. त्यांना ओळखायची सोपी खूण म्हणजे काढलेली जुनी पावडर दाखवा म्हणायचं.

सहा किलोचा सिलिंडर जेमतेम 12 ते 15 सेकंद चालतो. इतक्या वेळात आग आटोक्यात आली नाही तर मागे फिरायचं. पाठ दाराकडे, अंतर दोन-तीन मीटर, मारा ज्वाळेवर नाही तर बुडाशी, डावीकडून उजवीकडे झाडल्यासारखा. सीओटू मारताना हात दांडीवरच ठेवायचा. नोझलच्या कर्ण्याला धरलं तर उणे 78 अंशांची थंडी बोटं भाजते. बंद, लहान पॅनल रूममध्ये सीओटू मारल्यावर लगेच बाहेर पडा, कारण तिथल्या हवेतला प्राणवायू कमी होतो.

धंद्याचं स्वरूप बदललं ते कायद्यामुळे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 हा डिसेंबर 2008 मध्ये लागू झाला आणि 2009 मध्ये त्याचे नियम आले. तोवर आगीची साधनं घेतली की काम झालं, असा समज होता. या कायद्याच्या कलम 3 ने यंत्रणा बसवण्याची आणि ती कायम चालू ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली. बसवण्याचं काम परवानाधारक एजन्सीनेच करायचं आणि तसा दाखला फॉर्म ए मध्ये द्यायचा. यंत्रणा चालू असल्याचा दाखला मात्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैत, फॉर्म बी मध्ये. भाड्याने दिलेल्या गोदामांत यावरून कायम घोळ होतो. मालक म्हणतो भाडेकरूने पाहावं, भाडेकरू म्हणतो इमारत त्याची. भाडेकरारात हायड्रंट, पंप आणि सिलिंडर कोणाकडे हे एका ओळीत लिहून घ्या, नोटीस आल्यावर भांडत बसण्यापेक्षा स्वस्त पडतं.

अग्निशमन अधिकाऱ्यांच्या अधिकारांबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. तपासणीसाठी ते तीन तासांची सूचना देऊन सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत इमारतीत येऊ शकतात. जीवित आणि मालमत्तेच्या सुरक्षेसाठी गरज वाटली तर कोणत्याही वेळी. त्यांना अडवणं किंवा पंपघराची चावी ‘सापडत नाही’ म्हणणं अंगाशी येतं. त्रुटी दिसल्या तर काय करायचं आणि किती मुदतीत, हे लिहिलेली नोटीस मिळते. मुदतीत काम झालं नाही किंवा धोका तातडीचा वाटला, तर जागा रिकामी करायला लावणं, सील करणं, वीज आणि पाणी तोडायला सांगणं इथपर्यंत अधिकार जातात. म्हणून नोटीस आली की आधी लेखी उत्तर द्या : कोणतं काम कधी पूर्ण होईल आणि कोणती एजन्सी करतेय. महापालिका हद्दीत हे काम महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे, एमआयडीसीत एमआयडीसीच्या अग्निशमन विभागाकडे असतं. दोन्ही हद्दींबाहेरच्या गावांत राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाशी संबंध येतो. अर्ज चुकीच्या दारात टाकला की महिना वाया जातो.

प्रत्यक्ष आगीच्या वेळचे अधिकार वेगळे आणि जास्त कडक. कामात अडथळा करणाऱ्या माणसाला हटवणं, रस्ता बंद करणं, होज (पाण्याचा लवचिक पाइप) नेण्यासाठी शेजारच्या आवाराची भिंत किंवा दार तोडणं, बंबाला दाब मिळावा म्हणून इतर भागाचं पाणी तोडायला लावणं, हे सगळं घटनास्थळी असलेला प्रमुख अधिकारी करू शकतो. गोदामाच्या मालकाने ‘आधी माल काढू द्या’ म्हणून दारात उभं राहणं कायद्यात बसत नाही आणि शहाणपणातही. त्या घटकेला मालकाने द्यायच्या तीन गोष्टी आहेत : आत कोणी अडकलंय का, आत माल कोणता आणि किती, वीज कुठून बंद होते. ही माहिती गेटवरच्या वॉचमनकडे लिहून ठेवलेली असेल तर फार वेळ वाचतो.

आता पंपघर. फॉर्म बी देण्याआधी आमचा निम्मा वेळ इथेच जातो. जॉकी पंपाचं काम लाइनमधला दाब टिकवणं. लाइन 7 बारवर ठेवली असेल तर साधारण 6 ला जॉकी, 5 ला मुख्य विजेचा पंप आणि 4 ला डिझेल पंप सुरू व्हावा, अशी मांडणी करतात. इमारतीप्रमाणे आकडे बदलतात, क्रम बदलत नाही. जॉकी आपोआप सुरू आणि आपोआप बंद. मुख्य पंप आपोआप सुरू होतो, पण बंद हातानेच करायचा, नाहीतर आग विझवताना तो मध्येच थांबेल. चाचणीत पंपापासून सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात वरचा हायड्रंट उघडतो, होज आणि त्याच्या टोकाचा ब्रँच पाइप (धार सोडणारी नळी) लावून पाणी सोडतो आणि तिथे दाब मोजतो. गच्चीवर निदान साडेतीन बार मिळायला हवा.

बिघाड बहुतेक ठरलेले असतात. पॅनलचा सिलेक्टर स्विच ‘ऑटो’ऐवजी ‘ऑफ’वर, कारण कोणाला तरी पंपाच्या आवाजाचा त्रास झालेला. डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली. पाण्याची टाकी पंपाच्या खाली असेल तर फूट व्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाची झडप) गळतो आणि पंप हवा ओढत कोरडा फिरतो. जॉकी दर पाच-दहा मिनिटांनी सुरू होत असेल तर जमिनीखालची लाइन तरी गळतेय, नाहीतर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप, बसत नाहीये. होजबॉक्समधले गनमेटलचे ब्रँच पाइप भंगाराच्या मोहाने गायब होतात. पेटीला काच आणि सील ठेवा, कुलूप नको. सगळ्यात घातक चूक मात्र वायरिंगची. आग लागली की माणसं पहिल्यांदा मेन स्विच पाडतात, आणि पंपाची वीज त्याच मेन स्विचनंतर घेतलेली असली तर पंपही त्याच क्षणी बंद. पंपाची वीज मुख्य ब्रेकरच्या आधीच, स्वतंत्र केबलने घ्यायची. हे नसेल तर आम्ही दाखल्यावर सही करत नाही, आणि यावर काही ग्राहक दुसरीकडे गेले तरी चालतं.

या भागातल्या मालामुळे बरंच शिकायला लागतं. हळद दळताना उडणारी पूड पोत्यात निरुपद्रवी, हवेत तरंगली की स्फोटक. पूड, प्राणवायू, ठिणगी, पुडीचा हवेतला ढग आणि बंदिस्त जागा, असे पाच घटक जमले की दळणघरात स्फोट होतो. पहिला स्फोट छोटा असतो. त्याच्या धक्क्याने तुळयांवर आणि पत्र्याखाली साचलेली पूड खाली येते आणि दुसरा, मोठा स्फोट होतो. म्हणून तुळयांवरची पूड एक मिलिमीटरच्या आत ठेवायची, तीही कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून नाही, व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने काढून. चक्कीच्या तोंडाशी लोहचुंबक हवंच, कारण हळदीबरोबर आलेला खिळा आत ठिणगी पाडतो. बेअरिंग गरम होणं, पट्टा घसरणं, अर्थिंग सुटणं ही बाकीची कारणं. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 37 मध्ये अशा स्फोटक पुडीचा स्वतंत्र विचार होता. आणि अशा जागी आग लागली तर पुडीच्या ढिगावर सीओटू किंवा पावडरचा जोरदार झोत मारायचा नाही, त्याने ढग उडतो. पाण्याची मंद फवारणीच करायची. साधे धुराचे डिटेक्टर इथे रोज खोटी बोंब मारतात, म्हणून उष्णतेचे डिटेक्टर बसवतो.

तासगाव-कवठेमहांकाळकडे बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. गंधक सुमारे 115 अंशांना वितळतं. जळत्या वितळलेल्या गंधकावर पाण्याची धार मारली तर ते शिंतोडे उडवतं, म्हणून तिथेही फवारणीच. गंधकाची पोती नायट्रेट खतांजवळ ठेवू नका. साखर कारखान्याच्या बगॅसची (उसाच्या चोथ्याची) आग वरून विझली तरी आत धुमसत राहते. ढीग जेसीबीने फोडून भिजवावा लागतो. जळत्या ढिगावर माणसाने चढायचं नाही, आत पोकळी झालेली असते.

कोल्ड स्टोअरेजमध्ये दोन धोके शेजारी शेजारी असतात : अमोनिया आणि भिंतींतला पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये भरलेला फोम). अमोनिया गळाला तर वाऱ्याच्या दिशेकडून जायचं, वायूच्या ढगावर पाण्याची फवारणी करायची, पण सांडलेल्या द्रव अमोनियावर पाणी टाकायचं नाही. पाण्याने तो उकळून आणखी वायू होतो. पफ पॅनलच्या आगी बऱ्याचदा वेल्डिंगने लागतात. पत्र्याच्या आत आग पसरते, बाहेर फक्त धूर दिसतो. वेल्डिंगच्या जागेपासून दहा मीटरपर्यंतचं जळाऊ सामान हलवा आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास एक माणूस सिलिंडर घेऊन तिथेच बसवा.

मिरजेतल्या रुग्णालयांचं काम वाढलं ते 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळांचा जीव गेल्यावर. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला जिन्याने खाली आणता येत नाही, त्याला त्याच मजल्यावर आगरोधक दारापलीकडे सरकवावं लागतं. त्या दाराला पाचर लावून ते उघडं ठेवलं की सगळा आराखडा फुकट. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, हेही प्रत्येक नव्या वॉर्डबॉयला सांगावं लागतं.

कृष्णेच्या पुराचं गणित वेगळंच. 2005, 2019 आणि 2021 चं पाणी पाहिलेल्या गावात पंपघर तळघरात बांधणं म्हणजे दर काही वर्षांनी नवी मोटर घेणं. बुडालेल्या मोटरचं इन्सुलेशन मेगरने (ते मोजायच्या यंत्राने) तपासल्याशिवाय स्विच टाकू नका, डिझेल इंजिनचं ऑइल आणि फिल्टर बदला, टाकीतला गाळ काढा. बुडालेला प्रत्येक सिलिंडर खोलून, व्हॉल्व्ह बदलून, चाचणी घेऊन मगच पुन्हा टांगायचा.

तपासणीला आम्ही यायच्या दिवशी पंपघराची चावी, तुमचा इलेक्ट्रिशियन आणि भरलेली टाकी तयार ठेवा. अलार्म वाजणार असल्याचं कामगारांना आदल्या दिवशी सांगा. गेटजवळच्या फायर ब्रिगेड इनलेटसमोरच्या (बंबातून लाइनमध्ये पाणी सोडायच्या जोडणीसमोरच्या) दुचाकी हलवा आणि शक्यतो कायमच्याच हलवा. जानेवारी आणि जुलैत गर्दी होते, त्यामुळे डिसेंबर आणि जूनमध्येच तारीख घेतलेली बरी, म्हणजे बिघाड निघाला तरी दुरुस्तीला वेळ उरतो.