आत्या, लोणच्याची बरणी आणि चार बंद मिनिटं

मंडळी, घरच्या गोष्टी गोळा करायला लागून चार महिने झाले. आधी हिशेब देतो. ध्वनिमुद्रण सहा तास दहा मिनिटं, त्यातलं कागदावर उतरलेलं जेमतेम दोन तास. फोटो स्कॅन झाले ११४, त्यातल्या ३१ फोटोंतली माणसं ओळखून झाली. मागच्या नोंदीत ‘दिवाळीपर्यंत सगळे फोटो संपवतो’ असं मी लिहिलं होतं, ते कृपया कुणी उकरून काढू नका.

या महिन्यात सगळा वेळ आत्याने घेतला. ती आता पंचाहत्तरीची. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा अकरा वर्षांची होती, आणि बिऱ्हाड नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर.

पुराची गोष्ट आमच्याकडे इतक्यांदा सांगून झाली आहे की ती पार गुळगुळीत झालीय. पहिल्या बैठकीत मी सरळ विचारलं, “आत्या, पुराच्या दिवशी काय काय झालं?” तिने सात मिनिटांत सगळं सांगून टाकलं. सकाळी धरण फुटल्याची आवई, मग खरंच पाणी, लकडी पूल बुडाला, सगळे पर्वतीकडे पळाले, आजीने देव तेवढे पदरात घेतले. पुढचं वाक्य मला आधीच पाठ होतं, कारण ही गोष्ट बाबांची होती, शब्दही त्यांचेच. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. घरी येऊन फाइल ऐकली तर पंख्याची घरघर आणि आत्याच्या आवाजात बाबा.

दुसऱ्या बैठकीला पंखा बंद केला, फ्रिजचा प्लग काढला. (प्लग काढताना गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे प्लग परत लावायचा राहत नाही. एकदा आत्याचं दूध नासवल्यावर आलेलं शहाणपण आहे हे.) कॉलरचा माइक तिच्या पदराला लावला तर काकणांचाच आवाज यायला लागला, म्हणून फोन सरळ उशीवर ठेवला. आणि या वेळी पुराबद्दल विचारलंच नाही. विचारलं, “त्या दिवशी तुझ्या पायात काय होतं?”

वीसेक सेकंद शांतता. हात शिवशिवतो अशा वेळी, पण मध्ये बोलायचं नाही.

“काही नव्हतं रे. शाळेतून घरी आले, तर चिखल नको म्हणून आईने चपला उंबऱ्याबाहेरच काढायला लावल्या. तशीच निघाले. पर्वतीच्या पायऱ्या अनवाणी चढले मी. आणि आईच्या एका कडेवर धाकटा, दुसऱ्या हातात बरणी.”

बरणी? साठ वर्षांत या बरणीचा घरात कुणी उच्चार केला नव्हता. नुकतंच घातलेलं कैरीचं लोणचं, अजून मुरलंही नव्हतं. आजी ते घेऊन निघाली, कारण, आत्याच्या शब्दांत, “तिला दुसरं काही सुचलंच नाही.” मग जो कुणी पोळी-भाकरी आणून देईल ती त्या कच्च्या लोणच्याशी खायची. परतल्यावर खोलीत गुडघाभर गाळ. खडकवासलाही फुटल्यामुळे पुण्याच्या नळांना पाणी नाही, वाड्यातली वापरात नसलेली विहीर उपसायला घेतली, आणि तिथल्या रांगेत आत्याचं कुणाशी भांडण झालं ते तिने अगदी नावानिशी सांगितलं. बरणी आधीच रिकामी झाली होती. आजीने ती त्या विहिरीच्या पाण्यासाठी वापरली.

“मग देव?” मी विचारलं.

आत्याने माइकवर हात ठेवावा तसा फोनवर हात ठेवला. मग काढला, आणि सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाली, “हे मात्र आत्ता कुणाला ऐकवायचं नाही. मी गेल्यावर बघा काय करायचं ते.”

तर ती चार मिनिटं बंद आहेत. व्यवस्था अशी केली: मूळ फाइल पूर्ण, वेव्हमध्ये (म्हणजे आवाज न दाबता), एका पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह पाकिटात, पाकिटावर आत्याच्या अक्षरात अट आणि तिची सही. रोजच्या कामाच्या प्रतीत तो भाग कापला नाही, तेवढ्याच लांबीची शांतता घातली. कापला असता तर पुढच्या सगळ्या वेळा सरकल्या असत्या आणि उतरवलेल्या मजकुराशी जुळल्या नसत्या. शिवाय ऐकणाऱ्याला कळायला हवं की इथे काहीतरी आहे. गुपचूप कापणं मला लबाडीचं वाटतं.

आता काका. ते तेव्हा पाच वर्षांचे, म्हणजे आजीच्या कडेवरचे तेच. त्यांचं ठाम म्हणणं की पर्वती वगैरे काही नाही, आपण सदाशिव पेठेतल्या एका शाळेत बाकं जोडून झोपलो होतो, आणि आईचा श्रावणी सोमवार होता. तारीख काढून पाहिली. १२ जुलै बुधवार होता. १९६१ साली अधिक ज्येष्ठ आला होता, म्हणून श्रावण लागायला अजून जवळपास महिना होता. उलट आत्या म्हणते “पालखी नुकतीच पुण्यातून पुढे गेली होती”, ते नीट बसतं, कारण आषाढी त्या वर्षी जुलैच्या उत्तरार्धात होती. म्हणजे काका चूक? मला तसं वाटत नाही. माझा अंदाज, पहिली रात्र पर्वतीवर आणि पुढचे कित्येक दिवस शाळेत, श्रावण लागेपर्यंत. पण हा अंदाज माझा आहे, म्हणून तो वेगळ्या रंगात, तारीख घालून लिहिलाय. दोघांच्या फाइली मी जुळवून एक केलेल्या नाहीत, करणारही नाही.

फोटोंबद्दल थोडक्यात. पुराआधीचे आमच्याकडे दोनच फोटो आहेत, तेही साताऱ्याच्या नातेवाइकांकडे पाठवलेले म्हणून वाचले. बाकी आमचा अल्बम गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीपासूनच सुरू होतो. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो सोडवायला दात साफ करायचा दोरा फोटोखालून हळूच सरकवायचा. नखाने ओढू नका, मी एकाचा कोपरा गमावलाय. लहान फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करतो. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनचा वळ पुढे चेहऱ्यावर उमटतो.

स्वतःबद्दल लिहायचं चार महिने टाळत होतो. सनावळीने लिहायला बसलो की ते नोकरीच्या अर्जासारखं व्हायचं. मग घरांप्रमाणे लिहायचं ठरवलं. आजवर सात घरांत राहिलो, दर घराला एक बैठक. एकट्याने फोनसमोर बोलताना अगदीच वेड्यासारखं वाटलं, तेव्हा लेक म्हणाली, मी विचारते. घर क्रमांक तीन, चिंचवड, १९९४, पहिली नोकरी. तिचा पहिला प्रश्न: “बाबा, पायात काय होतं?”

भावाचे बूट होते, एक नंबर मोठे, पुढे कागद कोंबलेले. तीस वर्षांत आठवले नव्हते. कागद कुठल्या वर्तमानपत्राचा ते सोडून बाकी सगळं सांगितलं तिला, पगाराच्या पहिल्या पाकिटातून आईला काय आणलं ते, आणि साहेबांनी चुकीच्या नावाने हाक मारली तरी आठवडाभर मी ‘ओ’ देत राहिलो तेही. चाळीस मिनिटं कशी गेली कळलं नाही.

घर क्रमांक चारला मात्र अकराव्या मिनिटाला मी म्हणालो, “थांबव जरा.” तिने काही विचारलं नाही, फोन पालथा ठेवला आणि चहा टाकायला गेली. ती फाइल तशीच आहे, अकरा मिनिटांची. पेनड्राइव्ह आणखी एक आणून ठेवलाय, पाकीटही.

पुढच्या महिन्यात नाशिक. आमच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे तीर्थाला येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या गुरुजींच्या, वहीत पणजोबांची नोंद असणार असं काका म्हणतात. गाव आणि आडनाव सांगितलं की वही काढतात. जुनी पानं मोडीतली असतील म्हणून सध्या रोज अर्धा तास मोडी गिरवतोय. आधी पानभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता तिला अक्षरं लटकवत जायची. माझी अजून रेघेवरून घसरतात.

कुणी अलीकडे अशी वही पाहिली असेल तर एवढं सांगा: पानाचा फोटो काढू देतात, की हाताने उतरवून घ्यावं लागतं?