'वकट-लेंड'च्या पानावरचे तीन आठवडे

मी बेळगावात शहापूरला डीटीपीचं काम करते. दिवसभर लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, पतसंस्थांचे अहवाल. एकाच पत्रिकेची एक बाजू मराठी, दुसरी कन्नड, हे आमच्याकडे रोजचंच. रात्री जेवणं उरकली की तासभर मी खेळांच्या एका विकीवर लिहिते. तिथे मोबाइलवरच्या खेळांची पानं आहेत, पत्त्यांची आहेत, बुद्धिबळाची आहेत आणि मैदानी खेळांचीही आहेत. सगळं स्वयंसेवकांचं काम, पगार कोणालाच नाही. माझ्या वाट्याला मैदानी खेळ आले, कारण लहानपणीच्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या खानापूर तालुक्यात मामाच्या गावी गेल्या.

विकी म्हणजे काय हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, तरी थोडक्यात सांगते. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिली विकी सुरू केली, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे: पान कोणीही बदलावं. आमच्याकडे जुनी प्रत्येक आवृत्तीही 'इतिहास'मध्ये जशीच्या तशी राहते. आमची विकी ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालते, त्यावरच विकिपीडियाही चालतो. त्यामुळे मराठी विकिपीडियावर काम केलेल्यांना आमच्याकडचे शब्द ओळखीचे वाटतील. सरावासाठी धूळपाटी, गप्पांसाठी चावडी, देखरेखीला प्रचालक, आणि ज्या पानांवर आपला जीव आहे त्यांच्यासाठी पहाऱ्याची सूची, त्यांत कोणी बदल केला की तिथे दिसतो.

विटी-दांडूचं पान मी लिहिलं होतं. गल, म्हणजे जमिनीतला खड्डा, किती खोल असावी, कोलायचं, म्हणजे गलीवरून विटी दांडूने उडवायची, ते कसं, झेल गेला की डाव कसा जातो, सगळं. विटी मारल्यावर गलीपासून ती पडली तिथपर्यंतचं अंतर दांडूने मोजतात. आमच्याकडे ते मोजताना एक, दोन, तीन असं कोणी म्हणत नाही. वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झकू असं म्हणतात, आणि सात झाले की पुन्हा वकट. शेवटचा दांडू ज्या शब्दावर येईल, त्यावरून पुढचा टोला कसा मारायचा ते ठरतं. वकट आला की पायाच्या पंजावर विटी ठेवायची आणि तिथून उडवून टोलायची. गावोगावी यात फरक पडतो, पण वकट-लेंडची लय कानात बसलेली माणसं सीमेच्या अलीकडे-पलीकडे कुठेही भेटतात.

एका मंगळवारी रात्री पहाऱ्याची सूची उघडली, तर माझ्या पानापुढे हिरव्या अक्षरांत वाढलेला आकडा. कोणीतरी वाक्य घातलं होतं: 'हे आकडे कन्नड भाषेतून आले आहेत.' संदर्भ नाही, चर्चा पानावर ओळ नाही. मी 'उलटवा' दाबलं, म्हणजे पान आधी होतं तसं केलं. बदलांच्या आढाव्यात लिहिलं, 'संदर्भ नाही.' एवढंच लिहून थांबले असते तर ते नियमाला धरून होतं. पण मी तिथे आणखी एक वाक्य घातलं: 'हे शब्द अस्सल मराठी असून मूंड हा मुंडी या शब्दावरून आला आहे.' याला संदर्भ माझ्याकडेही नव्हता. लहानपणी कोणीतरी सांगितलं होतं, किंवा मीच कधीतरी मनाशी जुळवलं होतं. हे आज लिहितानाही मला वाईट वाटतं, कारण दुसऱ्याला जो नियम लावला तो मी त्याच मिनिटाला मोडला होता.

सकाळी त्यांचं वाक्य परत आलेलं. मी पुन्हा काढलं. दुपारी पुन्हा आलं. दुकानात गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना मी मोबाइलवर ते पुन्हा काढलं. दोन आवृत्त्यांमधला फरक पाहिला की डावीकडे पिवळी पट्टी, उजवीकडे निळी. त्या दोन दिवसांत मला तेवढ्याच दोन पट्ट्या दिसत होत्या. पानावर बाकी काय लिहिलंय, ते वाचून कोणा मुलाला विटी-दांडू खेळता येईल का, हा विचार डोक्यातून पार गेला होता.

इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवायचं नाही, असा नियम आहे. आमच्या विकीने तो तसाच घेतलाय. आमच्या दोघांचेही तीन-तीन झाले, तेव्हा एका प्रचालकांनी पान सात दिवसांसाठी कुलूपबंद केलं. आणि ते बंद झालं त्यांच्या वाक्यासकट. मी प्रचालकांच्या चर्चा पानावर जाऊन तक्रार केली. उत्तर दोन ओळींचं होतं: कोणतं वाक्य बरोबर हे मी ठरवलेलं नाही, भांडण थांबवलंय. सात दिवस चर्चा पान उघडं आहे, तिथे बोला. त्या रात्री मला ते उत्तर कोरडं वाटलं. आता वाटतं की दुसरं काही लिहिणं त्यांना शक्यच नव्हतं. ते जर माझ्या बाजूने बोलले असते, तर समोरचा माणूस कायमचा निघून गेला असता.

चर्चा पानावर पहिले दोन दिवस आम्ही नुसतेच एकमेकांवर धावून गेलो. तिथे प्रत्येक उत्तराआधी अपूर्णविरामाचं एक चिन्ह वाढवत जायचं, म्हणजे मजकूर एक पायरी उजवीकडे सरकतो. आमची अकरा चिन्हं झाली. मोबाइलवर वाचताना एका ओळीत एकच शब्द मावत होता. 'तुम्ही' खाली 'सीमाभागातले' खाली 'असूनही' खाली 'असं'. तो उभा, बारीक होत गेलेला मजकूर पाहिला आणि मी थांबले. वाद बेळगावच्या नावापर्यंत गेला होता. मी पानावर 'बेळगाव' लिहिलेलं, त्यांना 'बेळगावी' हवं होतं. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव तेच आहे, हे त्यांचं म्हणणं खरं. मराठीत आम्ही बेळगावच म्हणतो आणि लिहितो, हे माझंही खरं. आमच्या भागात या एका नावावरून काय काय झालंय हे इथल्या कोणालाही सांगायची गरज नाही. विटी-दांडूच्या पानावर ते ओझं मला नको होतं.

तिसऱ्या दिवशी मी चिन्हं मोडली. नवा मथळा काढून अगदी डावीकडून सुरुवात केली आणि सरळ विचारलं: 'तुम्ही लहानपणी कुठे खेळलात? मोजताना काय म्हणायचात?'

उत्तर रात्री साडेअकराला आलं. ते हुक्केरी तालुक्यातले, प्राथमिक शाळेत शिक्षक. घरी कन्नड, गावात मराठी-कन्नड दोन्ही; मराठी त्यांनी शाळेतल्या मित्रांकडून शिकलेली. शेवटी लिहिलं होतं, 'अक्का, मी पण वकट-लेंडच म्हणायचो. पण ते गल्लीतल्या मराठी पोरांबरोबर खेळताना. घरच्यांना विचारून सांगतो.'

त्या 'अक्का'ने माझा राग निम्मा उतरला. त्यांना मी सर म्हणू लागले.

रविवारी मी खानापूरची बस धरली आणि मामाकडे गेले. मामा आता पंचाहत्तरीचा. विटी-दांडूवरून भांडण झालंय म्हटल्यावर तो आधी नुसता बघत राहिला. मग परड्यातून एक काठी आणली, मापाचा दांडू तोडला, विटीची दोन्ही टोकं कोयत्याने छाटली. कमरेत वाकून अंगणात एक-एक दांडू टाकत मोजायला लागला. 'वकट. लेंड. मूंड.' प्रत्येक शब्दाला दांडू जमिनीवर टेकायचा, मधे श्वास नाही. 'नाल. आर. वेद. झकू.' मी व्हिडिओ घेतला. विचारलं, मामा, हे शब्द कुठले? तो म्हणाला, 'कुठले म्हंजे? मोजायचे. माझ्या बानं शिकवले.' आणि मूंड म्हणजे मुंडी का, असं विचारल्यावर, 'मुंडीचा काय संबंध बाई त्यात?'

माझं वाक्य तिथेच पडलं. घरी येऊन चर्चा पानावर पहिली गोष्ट तीच लिहिली: मुंडीबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेते, त्याला आधार नाही.

त्याच दिवशी सरांचंही उत्तर आलेलं होतं, आणि ते मी आजवर विसरलेली नाही. त्यांनी वडिलांना विचारलं होतं. त्यांच्या वडिलांच्या लहानपणी कन्नड पोरं आपापसांत खेळताना सरळ ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु असंच मोजायची. म्हणजे सरांच्या वाक्याच्या विरुद्ध जाणारी गोष्ट सरांनी स्वतःच शोधून स्वतःच मांडली. पुढे त्यांनी लिहिलं होतं, 'ओंदु आणि वकट यांत मला साम्य दिसत नाही. नाल आणि नाल्कु यांत दिसतं. कोश बघू या.'

मग आम्ही कोश बघितले. किटेल यांचा १८९४ चा कन्नड-इंग्रजी कोश सरांकडे स्कॅन करून ठेवलेला होता. सी. पी. ब्राऊन यांचा १८५२ चा तेलुगू-इंग्रजी कोश मी नेटवरून उतरवला. तेलुगू लिपी मला येत नाही, पण कन्नडशी ती इतकी मिळतीजुळती आहे की सरांना अडखळत का होईना वाचता आली. पानांचे फोटो एकमेकांना पाठवत रात्रीचा एक वाजला. तेलुगूत एकाला ओकटि. दोनाला रेंडु. तीनाला मूडु. चाराला नालुगु. मी मोबाइल हातात घेऊन ते मोठ्याने म्हटलं, मामाच्या लयीत. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. वकट, लेंड, मूंड, नाल. अंगावर काटा आला.

लगेच पानावर 'हे शब्द तेलुगूतून आले' असं लिहून टाकायची मला घाई झाली होती. सरांनी अडवलं. दोन कोश शेजारी ठेवून आपणच निष्कर्ष काढला तर ते आपलं संशोधन झालं. आपली विकी ते स्वीकारत नाही. शिवाय एक शब्द बसत नाही. आर हा आपल्या मोजणीत पाचवा, पण तेलुगूत आणि कन्नडमध्येही आरु म्हणजे सहा. पाचाला दोन्हींत ऐदु. शब्द कुठून कसा फिरला हे सांगायला भाषेचा अभ्यास केलेलं माणूस पाहिजे.

त्यांचं बरोबर होतं. ते मान्य करायला मला पूर्ण एक दिवस लागला, कारण हाताला लागलेली सुंदर गोष्ट सोडवत नव्हती.

शेवटी जे ठरलं ते असं. पानावर मूळ भाषेबद्दल एकही वाक्य नाही, ना त्यांचं ना माझं. त्याऐवजी एक तक्ता: पहिल्या रकान्यात खेळातला शब्द, दुसऱ्यात तेलुगू संख्या, तिसऱ्यात कन्नड, दोन्हींना कोशांचा संदर्भ. वाचणाऱ्याने वाचावं. मोजणीच्या वर्णनाआधी 'खानापूर तालुक्यातील एका गावात' आणि 'हुक्केरी तालुक्यातील एका गावात' असे शब्द. मी आधी 'विटी-दांडूत असं मोजतात' असं सरसकट लिहिलं होतं, जणू सगळ्या मुलखात एकच गल आहे. खेळाला कन्नडमध्ये चिन्नी-दांडू म्हणतात हेही पहिल्याच परिच्छेदात आलं. ते माझ्याकडून सुरुवातीपासूनच राहून गेलं होतं, आणि मला वाटतं सरांचं पहिलं वाक्य त्या राहून गेलेल्या शब्दापोटीच आलं असावं. गावाच्या नावाचं पाच मिनिटांत मिटलं: मजकूर मराठी म्हणून बेळगाव, आणि पहिल्या उल्लेखाला अधिकृत नाव बेळगावी, तारखेसह.

मसुदा आम्ही धूळपाटीवर मिळून केला. एक वाक्य त्यांनी लिहायचं, मी फक्त शुद्धलेखन बघायचं. पुढचं मी लिहायचं, त्यांनी फक्त संदर्भ तपासायचा. एकमेकांचा शब्द थेट खोडायचा नाही, बाजूला लिहून विचारायचं. या पद्धतीने सहा परिच्छेदांना दहा रात्री लागल्या. कुलूप सातव्या दिवशीच निघालं होतं, तरी दोघांनीही मूळ पानाला हात लावला नाही. मसुदा पूर्ण झाल्यावर चावडीवर सूचना टाकली, चार दिवस थांबलो, दोघांतिघांनी किरकोळ सुधारणा सुचवल्या. पानावर बदल सरांनी केला. आढाव्यात त्यांनी लिहिलं, 'चर्चेनुसार, दोघांच्या संमतीने.' मी तो बदल पाहिला तेव्हा दुकानात एक पत्रिका अर्धी झाली होती. कन्नड बाजू अजून टाइप करायची होती.

आता आम्ही लगोरीच्या पानावर आहोत. लगोरी हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये एकच, त्यामुळे नावावरून काही नाही. दगड सात, यावरही एकमत आहे. चेंडू अंगाला लागला की बाद होणार कोण, यावर मात्र त्यांच्या गावाचं आणि माझ्या मामाच्या गावाचं जमत नाही. चर्चा पानावर दोन्ही लिहून ठेवलंय.

विटी-दांडूच्या तक्त्यात आरची ओळ रिकामी आहे. वेद आणि झकू यांच्याही. तुमच्या गावात मोजणी वेगळी असेल, तर ज्यांनी ती शिकवली त्यांच्या तोंडून ऐकून, गावाचं नाव घालून, त्या चर्चा पानावर लिहा. पानावर थेट घालू नका, आधी चर्चेत टाका. रात्री दहानंतर आमच्यापैकी एक जण तिथे असतोच.