जुनी फेल्ट हॅट घ्यायची असेल तर आधी ती उलटी करा

जुन्या फेल्ट हॅटची पारख बाहेरून होत नाही, ती उलटी करून आत बघावं लागतं, आणि हे मी इतक्या जणांना फोनवर सांगत असतो की म्हटलं आता एकदा सगळं लिहूनच काढू.

लोकांना आधी याचंच आश्चर्य वाटतं की इंदुरात जुन्या हॅट्स मिळतात कशा. अहो इथे नाही मिळणार तर कुठे मिळणार? १८१८ मध्ये होळकर आणि इंग्रज यांच्यात मंदसोरचा तह झाला आणि त्यानंतर इंदूरजवळच्या महूला इंग्रजांची छावणी पडली, इंदुरात रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीची कचेरी, आली, मग डेली कॉलेज, रेल्वे, कापड गिरण्या, म्हणजे साहेब आणि साहेबी कपडे दोन्ही आले. दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी माणिकबाग पॅलेस एकार्ट मुथेसियस या जर्मन आर्किटेक्टकडून बांधून घेतला, मॅन रे या फोटोग्राफरने त्यांचे फोटो काढले, तेव्हा युरोपातली फॅशन या गावाला काही नवी नव्हती. त्यामुळे महूचे जुने बंगले रिकामे होतात तेव्हा, किंवा रामबागेकडची जुनी घरं पाडायला काढतात तेव्हा, ट्रंकेतून कधी कधी हॅटचा गोल डबा निघतो आणि तो सरळ कबाड्याकडे जातो. तिथे मग "भिया, असली है, अंग्रेजों के जमाने की" हे वाक्य ठरलेलं. कधी ते खरं असतं, बऱ्याचदा नाटकासाठी आणलेली लोकरी हॅट असते.

तर पहिली गोष्ट, फेल्ट कशाचं आहे ते. फेल्ट दोन जातींचं, एक लोकरीचं आणि दुसरं फरचं, म्हणजे ससा, रानससा, बीव्हर, न्यूट्रिया यांच्या अंगावरच्या लांब राठ केसांखाली जी मऊ लव असते तिचं. फेल्ट विणलेलं नसतं, त्यात ताणाबाणा शोधत बसू नका. केसांवर डोळ्याला न दिसणारे खवले असतात, गरम पाणी, वाफ आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकत जातात, सगळं आटत आटत घट्ट होतं आणि मग ते साच्यावर चढवतात. फरचं फेल्ट पातळ असूनही घट्ट असतं, लोकरीचं त्याच मजबुतीसाठी जाड करावं लागतं, आणि पावसात भिजलं की ते आकसतं, आकार सोडतं. हातात घेतल्यावर फरक असा कळतो: ब्रिम, म्हणजे हॅटचा बाहेरचा काठ, अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून हळूच बोटं फिरवा. चांगल्या फर फेल्टला एक रेशमी गारवा असतो, कड खाली वाकवून सोडली की लगेच जागेवर येते. लोकरीचं फेल्ट बोटाला ब्लँकेटसारखं लागतं, फुगीर, थोडं खरखरीत. आपल्या आजोबांच्या पिढीतली काळी फेल्टची टोपी घरात असेल तर ती आणि एखादी चांगली फर फेल्ट हॅट एकदा शेजारी ठेवून हात फिरवा, पुढे आयुष्यभर सांगायला लागणार नाही. काही जण जाळून बघायला सांगतात, ते करूच नका, लोकर आणि फर दोन्ही प्राण्यांचे केस, दोन्हीला केस जळाल्याचा तोच वास येतो, फार तर सिंथेटिक आहे की नाही एवढंच कळेल आणि हॅट मात्र खराब होईल.

आता वय. इथे लोक आकारावरून अंदाज बांधतात, म्हणजे क्राऊन (हॅटचा डोक्यावर बसणारा भाग) उंच आणि ब्रिम रुंद असेल तर तीस-चाळीसचं दशक, ब्रिम आखूड आणि रिबन बारीक असेल तर साठचं. ढोबळ मानाने ते बरोबरच आहे, पन्नासच्या दशकापासून ब्रिम आखूड होत गेल्या आणि साठमध्ये तर दीड-दोन इंचांवर आल्या. पण रुंद ब्रिम नंतर कापून आखूड केलेल्या हॅट्स असतात, रिबन बदललेली असते, घरात कुणीतरी क्राऊन आपल्या मनाने दाबलेला असतो. म्हणून माझ्या हिशेबात आकार सगळ्यात शेवटी. आधी स्वेटबँड, म्हणजे आतली चामड्याची पट्टी. तिच्यावर सोनेरी छाप असतो, कंपनी आणि बऱ्याचदा विकणाऱ्या दुकानाचंही नाव असतं, आणि पट्टीच्या मागे फेल्टला टेकून छोटीशी कागदी चिठ्ठी असते साईजची. पण थांबा, चामडं सुकलेलं असेल तर पट्टी जोरात उलटवू नका, पन्नास-साठ वर्षांचं चामडं पापडासारखं तुटतं. एका बाजूने थोडंसं उचलायचं आणि मोबाईलचा टॉर्च मारायचा, बास.

दुकानाचा पत्ता फार कामाचा. अमेरिकन हॅट असेल आणि शहराच्या नावापुढे नुसता एक-दोन आकडी नंबर असेल तर तो पोस्टल झोन, हे १९४३ पासून आले, पाच आकडी झिप कोड १९६३ चा. आपल्याकडे पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, म्हणजे मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या दुकानाच्या छापावर पिन असेल तर विक्रेता "आज़ादी से पहले की" म्हणाला तरी ऐकून सोडून द्या. इंग्लिश हॅटवर राजघराण्याचा वॉरंट, म्हणजे राजघराण्याला माल पुरवत असल्याची खूण, असेल तर वाक्य नीट वाचा, "हिज मॅजेस्टी" असेल तर १९५२ च्या आधीची, "हर मॅजेस्टी" असेल तर त्यानंतरची किंवा मग थेट व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, म्हणजे १९०१ च्या आधीची (२०२२ पासून परत राजा आहे, पण अशी नवी हॅट आणि जुनी हॅट यात घोटाळा व्हायचं कारण नाही). अमेरिकन हॅटमध्ये स्वेटबँडमागे कामगार युनियनचं लेबल सापडलं तर देव पावला म्हणायचं. नुसतं युनायटेड हॅटर्स ऑफ नॉर्थ अमेरिका असेल तर ते १९३४ च्या आधीचं, कारण त्या वर्षी ती युनियन टोपी आणि मिलिनरीवाल्यांच्या, म्हणजे बायकांच्या हॅट्स बनवणाऱ्यांच्या, युनियनमध्ये मिसळली आणि नाव लांबलचक झालं. तरी एका खुणेवर विसंबू नका. लेबलं आणि अस्तरं कारखान्यात पडून राहायची आणि मागाहून वापरली जायची, म्हणून दोन-तीन खुणा एकाच काळाकडे बोट दाखवायला लागल्या की मगच बोला.

माझ्याकडे महूहून आलेली एक करड्या रंगाची हॅट आहे, तिच्यावरच हे सगळं दाखवतो. बाहेरून रंग उडालेला, जवळजवळ राखेचा. पण रिबनची कड नखाने किंचित वर केली की खाली मूळ रंग दिसतो, गडद, निळसर झाक असलेला. जिथे ऊन कधी पोचलंच नाही तिथला. स्वेटबँडवर मुंबईच्या हॉर्नबी रोडवरच्या दुकानाचा छाप, म्हणजे आताचा दादाभाई नौरोजी रोड, शेजारी "हिज मॅजेस्टी"चा वॉरंट, आणि साईजच्या चिठ्ठीवर शाईने हाताने लिहिलेला ७. रिबनवरून एक बारीक दोरी फिरवलेली आहे आणि तिच्या टोकाला एवढंसं बटण, हे सजावटीचं नाही बरं का, वारा सुटला की ही दोरी ओढून बटण कोटाच्या काजात अडकवायचं म्हणजे हॅट उडाली तरी हरवत नाही. ब्रिमची कड रिबनने बांधलेली, टाके इतके बारीक की मोजायला भिंग लागावं. पत्ता, वॉरंट आणि उंच क्राऊन, तिन्ही एकच सांगतात की १९५२ च्या आधीची. याहून नेमकं वर्ष मी सांगणार नाही आणि कुणी छातीठोक सांगितलं तर मी त्याच्याकडून घेणारही नाही.

महूकडे कधी कधी टेराई हॅट पण निघते, रुंद ब्रिमची, उन्हासाठी. डबल टेराई म्हणजे एकावर एक दोन फेल्ट हॅट्स, मधे हवा राहते म्हणून डोकं कमी तापतं. आपल्या गोरखा रेजिमेंटची हॅट त्याच घराण्यातली. अशी डबलवाली चांगल्या स्थितीत दिसली तर जास्त विचार करू नका.

कंपन्यांच्या नावांबद्दल थोडंच बोलतो कारण नावांनीच लोक फसतात. स्टेट्सन १८६५ ची, फिलाडेल्फियाची, तिथला कारखाना १९७१ मध्ये बंद झाला आणि नाव लायसन्सवर दुसरीकडे गेलं, म्हणून स्टेट्सन लिहिलेली प्रत्येक हॅट एका दर्जाची नसते. बोर्सालिनो १८५७ ची, इटलीतल्या अलेस्सांद्रियाची, आणि बोर्सालिनो फू लाझारो असं लिहिलेलं दिसलं तर नकली म्हणून टाकून देऊ नका, त्याच घराण्यातली ती वेगळी कंपनी होती, पुढे मूळ कंपनीत मिसळली. क्रिस्टीज १७७३ ची, लंडनची. फेल्टचा दर्जा सांगायला छापलेल्या एक्सच्या खुणा, म्हणजे ३ एक्स, ७ एक्स वगैरे, यांचं कुठलंही एक माप नाही, प्रत्येक कंपनीचे एक्स वेगळे आणि काळाप्रमाणे वाढत गेलेले. जुन्या ७ एक्सचं फेल्ट हातात घेऊन बघा, आजच्या कितीतरी मोठ्या आकड्यांना ते ऐकत नाही. पैसे फेल्टचे द्या, छापाचे नको.

खराबी कुठे बघायची? क्राऊन आतून प्रकाशाकडे धरा. समोरचा चिमटा, जिथे धरून लोक हॅट काढतात (तसं धरू नये, ब्रिमने धरावी), तिथेच फेल्ट झिजतं आणि चीर पडते, प्रकाशात ती चटकन दिसते. ही चीर नीट दुरुस्त होत नाही, तिथे किंमत निम्मी करा किंवा सोडा. कसर लागली असेल तर आधी वरची लव खाल्लेले छोटे खड्डे दिसतात, मग आरपार भोकं. बारीक खड्डे मला चालतात, पण घरी आणल्यावर ती हॅट बाकीच्यांबरोबर ठेवायची नाही, हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे, मग बाहेर, मग परत एकदा. डांबरगोळ्या नकोत, त्यांचा वास फेल्टमध्ये जो बसतो तो जात नाही. स्वेटबँड तुटलेला असेल तर बदलता येतो, रिबनही बदलता येते, फेल्ट बदलता येत नाही, एवढं धरून भाव करा.

आणि हे गंभीरपणे घ्या. जुन्या काळी फर फेल्ट बनवताना पाऱ्याचं नायट्रेट वापरायचे, त्याने केस चांगले अडकायचे, आणि कारखान्यातल्या कामगारांचे हात थरथरायला लागायचे, कनेक्टिकटमधल्या डॅनबरीत तर त्या थरथरीला गावाचंच नाव पडलं. अमेरिकेत १९४१ मध्ये हे थांबलं. आतला पारा फेल्टमध्ये राहू शकतो, म्हणून फार जुन्या हॅटला बंद खोलीत वाफ देऊ नका, खिडक्या उघडा किंवा गच्चीवर जा, हात धुवा, आणि लहान मुलांच्या खेळण्यात ती हॅट जाऊ देऊ नका. ब्रश करायचा तो वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने, लव तशीच बसवलेली असते.

ऑनलाईन घेत असाल तर साईजवर विश्वास ठेवू नका, ब्रिटिश ७ म्हणजे अमेरिकन ७ १/८ म्हणजे ५७ सेंटीमीटर, आणि त्यात जुनी हॅट थोडी आकसलेली असते. विक्रेत्याला सांगा की स्वेटबँडच्या आतून टेप फिरवून सेंटीमीटरमध्ये माप दे, शिवाय चार फोटो मागा: आतला छाप, पट्टीमागची चिठ्ठी, रिबनची कड उचलून, आणि क्राऊन बल्बसमोर धरून. हा शेवटचा फोटो द्यायला टाळाटाळ केली तर पुढचं बोलणंच नको.