ट्रायम्फ टीआर६: अक्रोडाचा डॅशबोर्ड खाली उतरवला

सप्टेंबरअखेर

मंडळी, गेला हिवाळा ब्रेक आणि इंजेक्शनच्या पाइपांत गेला, यंदा डॅशबोर्डाची पाळी. गाडी तीच, १९७१ची ट्रायम्फ टीआर६ ही उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उजव्या स्टिअरिंगची, इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री शहरातल्या कॅनली कारखान्यात बनलेली. या गाड्या नव्वद हजारांच्या वर निघाल्या, पण त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. त्यामुळे डाव्या स्टिअरिंगवाल्यांनी काढलेले फोटो पोत्याने सापडतात, आणि इंग्लंडात बसून काम करणाऱ्याला ते सगळे मनातल्या मनात उलटे करून बघावे लागतात.

डॅशची अवस्था सांगतो. वरचं लॅकर तडकून खपल्या धरलेलं. विंडस्क्रीनच्या रबरातून वर्षानुवर्षं पाणी झिरपल्यामुळे डाव्या टोकाला प्लायचे थर सुटलेले. स्क्रूंभोवती काळे डाग. आणि आधीच्या कुणा मालकाने फॉग लॅम्पच्या स्विचसाठी ऐन दर्शनी जागेत पाडलेलं एक भोक, ज्यात आता स्विचही नाही.

तयार नवा डॅश विकत मिळतो. मी तो घेतला नाही. किंमत हे एक कारण, पण खरं कारण चकाकी. बाजारातले बरेचसे नवे डॅश गाठींच्या विनीरचे (विनीर म्हणजे प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) असतात आणि वर आरशासारखं लॅकर. जग्वारच्या सलूनमध्ये ते शोभतं. टीआर६ कारखान्यातून निघाली ती साध्या, सरळ रेषांच्या अक्रोडाची आणि मंद, जवळजवळ मॅट पॉलिशची. त्याला व्यवहारी कारणही आहे. छप्पर उघडं टाकून चालवायची गाडी, सूर्य मागून आला की चकचकीत डॅश थेट डोळ्यांत येतो. तेव्हा मूळ विनीर वाचवायचं आणि पॉलिश मंदच ठेवायचं, एवढं ठरवून पान्हे बाहेर काढले.

ऑक्टोबर: मागची बाजू

डॅशचं काम म्हणजे लाकूडकाम असं वाटतं खरं, पण अर्ध्याहून जास्त वेळ लाकडाच्या मागे जातो.

सगळ्यात आधी बॅटरीची वायर सोडा. हे नेहमीचं वाक्य म्हणून वाचू नका. १९७१च्या गाडीत व्होल्टमीटर नाही, अँमीटर (करंट मोजणारं मीटर) आहे, म्हणजे बॅटरीकडून येणारा करंट डॅशच्या मागून जातो. त्या जाड तपकिरी वायरी फ्यूजविना असतात आणि चावी बंद असली तरी जिवंत असतात. पान्हा चुकून त्यांना आणि बॉडीला एकदम लागला तर धूर आधी दिसतो, कारण नंतर कळतं.

मग नॉब. चोक आणि हीटरच्या नॉबना खालच्या अंगाला बारीक छिद्र असतं. त्यात टाचणी किंवा बारीक सळी घालून आतली खुंटी दाबायची, की नॉब सरळ हातात येतो. पक्कडीने ओढलेले नॉब कसे दिसतात ते जुन्या सामानाच्या पेटाऱ्यांत बघायला मिळतं.

स्मिथ्स कंपनीची मीटरं मागून कमानीसारख्या पट्ट्यांनी आवळलेली असतात, त्यांवर बोटांनी फिरवायचे खरखरीत कडेचे नट. दोन मोठी मीटरं, वेग आणि आरपीएम, दोन्ही केबलवर चालतात. आरपीएमची केबल डिस्ट्रिब्युटरपासून (स्पार्क प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागापासून) येते. त्यांच्या रिंगा सोडायला डॅशखाली पाठीवर झोपण्याला पर्याय नाही. सीट आधी काढून टाका, कंबर दुवा देईल.

ऑइल प्रेशरचं मीटर मात्र जपून. त्याच्या मागे वायर नाही, बारीक नळी आहे, आणि तिच्यात इंजिनातलं खरं ऑइल असतं. जोड सोडण्याआधी खाली फडकं धरा. त्या जोडात चामड्याचं एक इवलंसं वायसर असतं, शर्टाच्या बटणाहून लहान. ते सुकून कडक झालेलं असतं. नवं अगदी स्वस्तात मिळतं, आणि जुनंच परत बसवलं तर थेंब थेंब ऑइल थेट तुमच्या पायमोज्यांवर.

वायरींचं म्हणाल तर लुकासचा (विजेचं सामान बनवणाऱ्या कंपनीचा) रंगांचा हिशेब एकदा डोक्यात बसला की सोपं जातं. काळी अर्थिंगची (बॉडीला जोडलेली), हिरवी चावीनंतरची फ्यूजमधली, लाल-पांढरी मीटरांच्या दिव्यांची, हिरवी-काळी पेट्रोलच्या टाकीची, हिरवी-निळी तापमानाची. तरी प्रत्येक वायरीला चिकटपट्टीची चिठ्ठी लावा, कारण पन्नास वर्षांत हिरवी आणि तपकिरी एकसारख्या दिसायला लागतात. काळ्या वायरींचे फोटो तर वेगळे काढा. डॅश लाकडाचा, त्यामुळे मीटरांना बॉडीतून आपोआप अर्थ मिळत नाही. ती एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी साखळीने फिरवलेली असते. एक दुवा सुटला की एक दिवा लावताना भलतंच मीटर हलतं आणि माणूस आठवडाभर मीटरांना दोष देत बसतो.

डॅश बाहेर आला. हलका आहे, पण कडेने उचला, मधल्या भोकांमधलं लाकूड अगदी अरुंद आहे.

नोव्हेंबर: लाकूड

मीटरांच्या कड्या निघाल्या आणि खाली गर्द तपकिरी वर्तुळं दिसली. हा १९७१चा रंग. बहुतेक लाकडं उन्हाने काळवंडतात, अक्रोड मात्र फिकट होत जातो. माझा डॅश मधाच्या रंगाचा झाला होता, आणि मला तोच त्याचा मूळ रंग वाटायचा. वर्तुळांनी परस्पर नमुना दिला, नाहीतर रंग जुळवायला कुणाच्या तरी जुन्या फोटोवर विश्वास ठेवावा लागला असता.

लॅकर काढायला घरगुती स्ट्रिपर वापरला. पूर्वीचा जहाल डायक्लोरोमिथेनवाला इथे घरगुती वापरासाठी बंद झालाय, आताचे मवाळ आहेत. लावायचा, वर प्लास्टिक पांघरायचं, वाट बघायची, मग पोलादी स्क्रेपरने रेषांच्या दिशेने अलगद ओढायचं. यंत्राचा सँडर इथे हातात घेऊ नका. विनीर मिलिमीटरभरही जाड नाही, आणि कडांपाशी यंत्र क्षणात खालच्या प्लायवर उतरतं. बोटाने चाचपून ते कळत नाही, रंग बदलल्यावर कळतं. मी लाकडाच्या ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून १८०, २४०, ३२० असं हातानेच गेलो, आणि १८० फक्त जिथे लॅकर हटून बसलं होतं तिथे.

सुटलेल्या थरांत सिरिंजने पातळ केलेला पांढरा गोंद सोडला (फेविकॉलच म्हणा, इथे नाव वेगळं), वर बेकिंग पेपर, त्यावर सपाट फळी आणि शिकंजे. बेकिंग पेपर विसरलात तर फळी हा डॅशचा कायमचा भाग होतो.

स्क्रूंभोवतीचे काळे डाग पॉलिश पेपरने जात नाहीत. लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन यांच्या संयोगातून ते तयार होतात आणि आतपर्यंत मुरतात. त्यावर ऑक्झॅलिक अॅसिडचं कोमट पाण्यातलं द्रावण. ब्रशने लावलं की डाग डोळ्यांदेखत फिका पडत जातो, बघायला मजा येते. पण हे विष आहे. हातमोजे घाला, नंतर लाकूड स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा पुसा, आणि वाळल्यावर पांढरी भुकटी दिसली तर ती घासून हवेत उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा. सगळ्या डॅशवर एकसारखं लावणं बरं, नाहीतर डागाच्या जागी फिकट ठिपका उरतो.

आता ते भोक. पहिला विचार येतो गोल ठिगळ लावायचा, कारण भोक गोल आहे. गोल ठिगळ दहा फुटांवरून दिसतं. रेषांना आडवी जाणारी प्रत्येक कड डोळ्याला खटकते, म्हणून ठिगळ दोन्ही टोकांना निमुळतं, रेषांच्या दिशेने लांबट कापायचं. आधी भोकात लाकडी बूच गोंदाने बसवून सपाट केलं, मग नव्या विनीरचा तुकडा डॅशवर ठेवून दोन्ही थर एकदम स्काल्पेलने कापले, म्हणजे सांधा तंतोतंत येतो. तुकडा निवडायला कापण्यापेक्षा जास्त वेळ लागला. रेषांची दाटी जुळली पाहिजे. रंग नंतर डायने जुळतो, रेषा कशानेच जुळत नाहीत. ठिगळ आता मला दिसतं, कारण मला जागा माहीत आहे. घरच्यांना शोधायला सांगितलं, तर त्यांनी भलत्याच ठिकाणी बोट ठेवलं.

डायसाठी आधी भंगार तुकड्यावर चाचणी, ओल्या रंगाची तुलना वर्तुळाच्या रंगाशी. गर्द वर्तुळं पूर्ण लपवली नाहीत. पूर्ण लपवायची तर सगळा डॅश कॉफीसारखा काळा करावा लागला असता, आणि नाहीतरी ती मीटरांच्या कड्यांखालीच जातात.

पॉलिश

इथे गावाकडच्या आमच्या सुतारमामांना व्हिडिओ कॉल लावला. ते फ्रेंच पॉलिशवाले, म्हणजे चपड्याचं (लाखेचं) पॉलिश हाताने चढवणारे.

"मामा, चपडा उन्हात टिकायचा नाही हो, गाडी उघडी असते."

"अरे, टिकायचा नाही म्हणून तर वर ठेवू नको. खाली एक पातळ हात मार, रेषा उठतील. वर तुझं ते वार्निश मार."

मामांचं बरोबर निघालं. अट एकच, चपडा मेण काढलेला हवा, नाहीतर वरचं पॉलियुरेथेन धरत नाही. रेषा अशा उठल्या की पुढे काही न लावता तसाच ठेवावा वाटलं.

दोन घटकांचं स्प्रे लॅकर सगळ्यात टिकाऊ, हे मान्य. पण त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, आणि बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर ते घराच्या गॅरेजमध्ये मारायची गोष्ट नाही. मी बोटीवर वापरतात ते अतिनील किरण अडवणारं वार्निश ब्रशने लावलं. त्याने अक्रोडाचं फिकट होणं थांबणार नाही, रेंगाळेल. खालचे हात ग्लॉसचे आणि शेवटचाच सॅटिनचा. सॅटिनमध्ये चकाकी मारायला सिलिकाची पूड घातलेली असते, आणि सगळे हात त्याचेच दिले तर लाकडावर धुकं बसल्यासारखं दिसतं. प्रत्येक दोन हातांमध्ये ४०० नंबरचा पाणपेपर, हलका.

इंग्लंडातला नोव्हेंबर वार्निशचा शत्रू आहे. गॅरेजमध्ये दमट थंडीत ते चिकटच राहिलं असतं, म्हणून डॅश पाहुण्यांच्या खोलीत पलंगावर वाळला. पाहुणे आले नाहीत हे नशीब. आणि ज्यांना डॅनिश ऑइल लावायचंय त्यांना एक सांगणं, तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. बाहेर पसरून वाळवा, मग फेका.

डिसेंबर

जोडणी उलट क्रमाने, त्यात सांगण्यासारखं थोडंच. बॅटरी थेट जोडायच्या आधी बॅटरीची वायर आणि टर्मिनल यांच्या मध्ये २१ वॉटचा बल्ब लावला. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि वायरिंग वाचतं. सगळं बंद असताना बल्ब काळाच राहिला, मग थेट जोडलं.

पेट्रोल आणि तापमानाचे काटे चावी फिरवल्यावर सावकाश चढतात, ते तसंच हवं. आतली द्विधातूची पट्टी तापेल तसा काटा सरकतो. दोन्ही काटे एकदम जास्त दाखवायला लागले तर मीटरं उघडू नका, मागच्या व्होल्टेज स्टॅबिलायझरची अर्थ बघा. अर्थ सुटली की तो सरासरी १० व्होल्टऐवजी पूर्ण बॅटरी व्होल्टेज सोडतो. माझे काटे ठीक आहेत. ऑइलचा जोडही कोरडा.

ग्लोव्हबॉक्सचं झाकण अजून पलंगावरच आहे, त्याच्या विनीरच्या रेषा डॅशशी जुळलेल्या असल्याने तेही मूळचंच ठेवतोय. डॅशच्या वरचं काळं क्रॅश पॅड (मढवलेली गादी) मात्र तीन ठिकाणी फाटलंय. कुणी ते घरी नव्याने मढवलं असेल तर कुठला गोंद वापरला ते कळवा, विंडस्क्रीनखालच्या उन्हात साधा काँटॅक्ट गोंद सुटतो असं ऐकतोय.