चाळीस फुटांवरचा बास

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या लेक लेनिअरवर जानेवारीत गरवायला उतरायचं, तर आधी बोटांची काळजी घ्यावी लागते. त्या शनिवारी बास माशांची स्पर्धा होती, पाच माशांचं वजन ज्याचं जास्त तो पुढे. पहाटे पारा उणे 1 वर होता. बोट ताशी 60 मैलांनी सुटली की तीच हवा उणे 12 सारखी झोंबते. लाइफ जॅकेट अंगात, इंजिन तोडणाऱ्या स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या जॅकेटला अडकवलेली. पाणी 9 अंशांचं. त्यात पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांत काम देईनासे होतात, म्हणून या दोन गोष्टींत मी आणि माझा जोडीदार हयगय करत नाही. बोट त्याची. तो इथलाच, निवृत्त इलेक्ट्रिशियन, आणि लेनिअरचा तळ त्याला तोंडपाठ आहे.

लेनिअर म्हणजे धरणाचं पाणी. 1950 च्या दशकात चॅटहूची नदीवर ब्यूफर्ड धरण झालं, खोरं बुडालं, कुटुंबं उठवली गेली. कोयनेच्या शिवसागराच्या गोष्टी ऐकत मोठं झालेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. काही भागांत बुडालेली झाडं अजून खाली उभी आहेत. जुन्या ओढ्यांच्या खाचाही तशाच आहेत, आणि हिवाळ्यात पहाटे स्पॉटेड बास (बासचीच एक जात) हेरिंग या छोट्या माशांच्या थव्यामागे त्या खाचांतून वर येतो. ऊन चढलं की पुन्हा खोलात.

पहिल्या तासाभरात दोन मासे लागले, दोन्ही स्पर्धेच्या 14 इंचांच्या मापात बसणारे. रॉडच्या कड्यांत सारखा बर्फ धरत होता. टोक पाण्यात बुडवायचं, बर्फ सुटला की दोन-तीन वेळा फेकायचं, पुन्हा बुडवायचं.

ऊन आलं तसे आम्ही 40 फुटांवर गेलो. पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनारच्या पडद्यावर तळाशी आडव्या रेघा दिसत होत्या, म्हणजे मासे होते. पण थंड पाण्यात बासचं सगळंच मंदावतं. पचन मंद, भूक कमी. तो आमिषामागे धावत नाही, आमिष त्याच्या तोंडापुढे टांगून ठेवावं लागतं. खाली शिसं, त्याच्या वर फूटभरावर गळ, गळाला बोटभर लांबीची रबरी अळी. आणि मग हलवायचं नाही. थंडीनं हात थरथरतो तेवढी हालचाल पुष्कळ होते. झटका बसत नाही. दोरी नुसती जड लागते, ओल्या पाल्यात अडकावी तशी. मला मासेमारीतला हाच क्षण सर्वांत आवडतो. उन्हाळ्यात बास पाण्यावर उसळी मारून आमिष घेतो त्यापेक्षाही जास्त.

दहाच्या सुमारास पाच मासे झाले. वजनाला पाचच चालतात, त्यामुळे पुढचं काम म्हणजे लहान सोडून मोठा ठेवायचा. तेवढ्यात जोडीदारानं लिव्हवेलचं, म्हणजे बोटीतल्या जिवंत मासे ठेवायच्या टाकीचं, झाकण उघडून मला हाक मारली. खोलातून काढलेल्यांपैकी दोन मासे कुशीवर कलले होते, शेपटी वर.

बासच्या पोटात हवेची पिशवी असते, आणि त्या पिशवीतून घशाकडे जायला वाट नसते. 40 फुटांवर पाण्याचा दाब वरच्यापेक्षा दुपटीहून जास्त. मासा झपाट्यानं वर आला की आतला वायू त्याच प्रमाणात फुगतो आणि मासा त्याला बाहेर टाकू शकत नाही. तसाच ठेवला तर तो उलटा तरंगत दमून मरतो.

मी वायू सोडायची सुई काढली. पाठीच्या काटेरी आणि मऊ परांमधली खाच, तिथून गुदद्वारापर्यंत मनात एक रेघ ओढायची. त्या रेघेवर, कुशीतून जाणाऱ्या आडव्या रेषेच्या चार-पाच खवले खाली, खवला उचलून सुई तिरकी आत. मासा पाण्याखालीच धरायचा. बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. तो सरळ होऊ लागताच सुई काढली, कारण सगळा वायू काढला तर तो तळाशी जाऊन बसतो. दोघेही पंधरा मिनिटांत नीट पोहायला लागले.

खाली रेघा होत्याच, आणि आमच्या पाचांत एक जेमतेम मापाचा होता. आणखी दोन-तीन वर काढले असते तर बहुधा वजन वाढलं असतं. पण प्रत्येक नव्या माशामागे एक बदलून सोडायचा, तोही फुगलेला, आणि डोक्यावर सीगल घिरट्या घालत होते. सुईनं प्रत्येक मासा वाचतो असंही नाही, जखम ती जखमच. जोडीदार म्हणाला, इथून निघू या. मलाही तेच वाटत होतं. उरलेला दिवस 20-25 फुटांच्या उतारांवर घालवला आणि तिथं मापाचं काहीच लागलं नाही.

वजन भरलं चौदा पौंडांच्या आसपास, चौथा नंबर. पाचही जिवंत होते, त्यामुळे मेलेल्या माशासाठी वजन कापतात ते कापलं गेलं नाही. धक्क्यावरच्या टाकीत मात्र इतरांचे काही मासे पोट वर करून तरंगत होते. आयोजकांची परवानगी घेऊन मी तिथं बसलो. दोन तरुण मुलं बघत उभी होती, त्यांच्या हातात सुई दिली आणि खाच कुठं शोधायची ते दाखवलं. हिवाळी स्पर्धांत वजनकाट्याशेजारी हे काम जाणणारा एक माणूस बसवायलाच हवा, असं मी त्याच संध्याकाळी आयोजकांना सांगितलं. फेब्रुवारीच्या स्पर्धेला त्यांनी मलाच बसायला सांगितलं आहे, म्हणजे त्या दिवशी बोट जोडीदाराला एकट्यालाच चालवावी लागेल.